कुजबुजणारी बाई

१

दादाची ट्रंक घरी आली. दादा आला नाही.

दोन जवानांनी ती उचलून आणली आणि शिलाई मशीनशेजारी ठेवली, अगदी अलगद, जशी काही आत काचेची भांडी आहेत. त्यांच्यामागून साहेब आले. छावणीत घरच्या माणसांशी बोलायचं काम ज्यांच्याकडे असतं, ते साहेब. आवाज इतका मऊ, की माणसानं दातांचा डॉक्टर व्हायला हवं होतं. खुर्चीत बसले, पाणी प्याले, टेबलावर ओला गोल उमटू नये म्हणून ग्लासखाली स्वतःचा रुमाल ठेवला आणि मग म्हणाले, "काकू, सांगायला वाईट वाटतं. तुमचा मुलगा पळून गेलाय."

आईच्या गळ्यात मेजपट्टी होती. ती काढून तिनं बोटांना गुंडाळायला सुरुवात केली.

"पळून म्हणजे?" मी विचारलं.

"एका बाईबरोबर."

"कोणत्या बाईबरोबर?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. "ते आम्हाला कसं माहीत असणार? तुम्हीच तर काल कळवलंत."

कळवलं होतं, हे खरं. आदल्या दिवशी दुपारी आईच्या मोबाइलवर फोन आला. नंबर दिसत नव्हता. पलीकडे कुणीतरी कुजबुजत होतं, रडत होतं, शब्द मध्येच तुटत होते. आईनं ते मला इतक्यांदा सांगितलंय की कवितेसारखं पाठ झालंय. "मी बोलते. तुमचा मुलगा. मी घेऊन गेले. तो नाही येणार. मी चुकले. माफ करा." आणि फोन बंद. आई घाबरली आणि कुठलीही आई करेल तेच तिनं केलं. छावणीच्या फाटकावर फोन लावला आणि म्हणाली, अहो, कुणी बाई म्हणतेय माझ्या मुलाला घेऊन गेले, तो तिथे आहे का बघता का जरा. फाटकावरच्यानं तिला बराच वेळ थांबवलं आणि मग म्हणाला, कळवतो.

तर हे असं कळवलं.

साहेब गेल्यावर मला वाटलं आई रडेल. ती ट्रंकेशेजारी बसली आणि म्हणाली, "पळाला तर पळाला. जिवंत आहे ना कुठेतरी? येईल सून घेऊन. दोन शिव्या घालीन आणि घरात घेईन."

मी ट्रंक उघडली. दादाचे सगळे साधे कपडे आत होते. आईनं शिवलेला निळा शर्टसुद्धा, जो तो लग्नाकार्यातच घालायचा. गणवेश तेवढा नव्हता.

आता मला सांगा, बाईबरोबर पळणारा माणूस निळा शर्ट घरी ठेवून गणवेशात पळेल?

२

माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. गेल्या वर्षीपर्यंत मी वर्गात 'हजर' म्हणायचे ते फक्त माझ्या बाकाला ऐकू जायचं. यंदा शाळेच्या नाटकात मला पोलीस कमिशनर केलं. मुलींची शाळा, त्यामुळे कुणीतरी मिशा लावायलाच हव्या होत्या. लावल्या, आणि काय झालं कोण जाणे, माझा जो आवाज फुटला तो आता बंद होत नाही, असं आईचं म्हणणं. दादा सुट्टीला आला की सलाम ठोकून विचारायचा, "काय कमिशनर, आज कुणाला आत टाकणार?"

तर कमिशनरनं ठरवलं, ती बाई शोधायची. बाई सापडली की दादा सापडला. इतकं सोपं.

पहिली संशयित, बाजारातल्या फोटो स्टुडिओतली ताई. दादा प्रत्येक सुट्टीत तिच्याकडे पासपोर्ट फोटो काढायचा, जगात कुठेही जायचं नसताना. मी स्टुडिओत शिरले, तर ताई काउंटरमागे बसून फोटो कापत होती.

"तू पळाली नाहीस?"

"पळाले असते तर इथे बसून लोकांचे दोन्ही कान दिसतायत का ते बघत बसले असते का गं?" तिचे डोळे सुजले होते. "तुझा दादा मला विचारल्याशिवाय केस कापत नाही. गाव सोडेल?"

मग तिनं दाराकडे बघून आवाज खाली आणला. "गेल्या सुट्टीत तो एका पाहुण्याला घेऊन आला होता. दोघांचा एकत्र फोटो हवा होता."

पाहुणे म्हणजे कोण, हे आमच्या गावात लहान पोरालाही माहीत आहे आणि मोठ्यांना मात्र नाही. आपल्या जवानांना शिकवायला परदेशी सैन्य छावणीत येऊन राहिलंय. मंत्री टीव्हीवर सांगतात, आपल्या भूमीवर एकही परदेशी सैनिक नाही. तेव्हा नाही म्हणजे नाही. फक्त चपलांच्या दुकानात अचानक होडीएवढे बूट आले आणि न्हाव्यानं पिवळ्या केसांची पोती गुपचूप पुरली, इतकंच.

"मग कुठाय तो फोटो?"

"दुसऱ्या दिवशी छावणीवाले कॅमेरा घेऊन गेले. परत दिला तो रिकामा करून."

"आणि पाहुणा? कसा होता?"

"उंच. दारातून वाकून आला. आणि बोलायला लागला तसं मला हसू आवरेना. तुझा दादा म्हणाला, हसू नकोस, त्याला गुरूच तशी मिळालीय."

"तशी म्हणजे कशी?"

दारात दोन माणसं आली. बारीक कापलेले केस, साधे शर्ट, पण चालणं कवायतीचं. ताईनं कात्री उचलली आणि मला मोठ्यानं म्हणाली, "ओळखपत्राचा फोटो सोमवारी मिळेल." आणि माझ्या हातात रिकामं पाकीट ठेवताना ओठ न हलवता म्हणाली, "सिस्टरला विचार, तो पळाला म्हणतात त्या दिवशी तिला दवाखान्यात का येऊ दिलं नाही."

३

सिस्टर छावणीच्या दवाखान्यात काम करते आणि आमच्या मागच्या इमारतीत राहते. मी गेले तेव्हा ती स्टुलावर चढून खिडकी पुसत होती.

"मी फोनवर कुजबुजले?" ती म्हणाली, आणि खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकला. "अगं, मी वॉर्डात नुसती 'काय रे' म्हटलं तरी पेशंट गोळी न घेता उठून बसतात. मला कुजबुजता आलं असतं तर माझा संसार सुखाचा झाला असता."

हे पटण्यासारखं होतं. मी तिला मनातल्या मनात सोडून दिलं.

"पण त्या दिवशी तुला दवाखान्यात येऊ दिलं नाही?"

फडकं थांबलं.

"आम्हा सगळ्यांनाच परत पाठवलं सकाळी. म्हणाले, आज पाहुण्यांचे डॉक्टर बघतील."

"का?"

"सराव होता मैदानावर. खऱ्या गोळ्यांचा." ती स्टुलावरून उतरली आणि तिनं नुकतीच पुसलेली खिडकी लावून घेतली. "मी काही बोलले नाही. तू आली नाहीस. आमच्याकडून शपथ घेतलीय."

"दादा होता त्या सरावात?"

"पळाला म्हणतात ना? मग पळाला असंच धर. ते बरं आहे." तिनं मला दारापर्यंत आणलं. कडी काढायला हात वर केला आणि तसाच ठेवला. "दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले, तर फरशी पुसलेली होती. कोपऱ्यांसकट. आमच्या दवाखान्यात कोपरे कधी कुणी पुसत नाही."

४

तिसरी आणि शेवटची बाई, इस्त्रीवाली मावशी. तिची टपरी छावणीच्या फाटकासमोर. छावणीतले कपडे तिच्याकडेच येतात. दादा तिच्याकडे चहा प्यायचा. ती माझ्या आईच्या वयाची, तिच्याबरोबर कोण कशाला पळेल, पण कमिशनरनं कुणाला सोडायचं नसतं.

मावशी शर्टावर पाणी शिंपडत होती. शर्ट एवढा मोठा की मी आणि माझी मैत्रीण दोघी त्यात मावलो असतो. खिशावर, जिथे नावाची पट्टी असते, तिथे नुसते तुटके दोरे.

"मी कशाला फोन करू गं? माझं सगळं बोलणं पोपटाशी."

"तू पोपट पाळलास?"

"पाळला कसला, तोच येऊन बसायचा. मग मीच शिकवलं, हे काय, ते काय. हुशार आहे हो. जे ऐकलं ते तस्संच बोलतो, माझ्यासारखं, शब्दन्‌शब्द. 'चहा घेते, मावशी' म्हणायचा." ती हसली. मग इस्त्री जरा जास्तच जोरात फिरवली. "हल्ली येत नाही. काय झालंय त्याला कळत नाही."

मी टपरीभर पाहिलं. "पिंजरा कुठाय?"

मावशीनं फाटकाकडे पाहिलं, भिंतीवरच्या काटेरी तारांकडे पाहिलं. "तो काय," ती म्हणाली.

मला वाटलं, मावशी म्हातारी झाली. इतक्यात फाटकातून जीप बाहेर आली आणि टपरीसमोर हळू झाली. मावशी एकदम ओरडली, "गणवेशाच्या चुण्या उद्या नीट करून देईन, सांग तुझ्या आईला."

मी घरी आले. तीन बाया होत्या, तिन्ही जागच्या जागी. चौथी कुठून आणू?

आई दादाच्या निळ्या शर्टाला बटण लावत होती. बटण तुटलेलं नव्हतंच. तिनं आधी कापलं असणार. "मिळाली का गं?" तिनं विचारलं. "कशी आहे दिसायला?"

५

दुसऱ्या दिवशी नाटकाची तालीम होती. मी मिशा लावून स्टेजवर आले. चोरांच्या अड्ड्यावर कमिशनर धाड घालतो तो प्रवेश. माझं लक्षच नव्हतं. मी दार ढकललं आणि गरजले, "कुणी हलायचं नाही, मी आले आहे."

अख्खा हॉल हसला. चोरसुद्धा.

नाटक बसवणाऱ्या बाईंनी कपाळावर हात मारला. "कमिशनर, अहो, एवढ्या मिशा लावून 'मी आले'? 'मी आलो' म्हण. तू एक शब्द चुकलीस आणि कमिशनरची बाई झाली."

मी तिथेच उभी राहिले, कारण माझ्या डोक्यात एकेक गोष्ट खटाखट जागेवर बसायला लागली होती आणि मला ती थांबवता येईना.

कुजबुजणाऱ्याला आवाज नसतो. कुजबूज बाईची का बाप्याची, कुणालाच सांगता येणार नाही. आईनं बाईचा आवाज ऐकलाच नव्हता. तिनं ऐकलं ते 'बोलते', 'गेले', 'चुकले'. शब्दांनी बाई तयार केली होती, मिशांनी माझा कमिशनर केला तशी.

मग कोण पुरुष असा बोलेल? ज्याला आपली भाषा येत नाही. जो ती पुस्तकातून नाही, एका बाईच्या तोंडून शिकला, आणि जे ऐकलं ते तस्संच बोलतो. 'चहा घेते, मावशी.' ज्याचं बोलणं ऐकून स्टुडिओतल्या ताईला हसू आवरलं नाही. ज्याला 'गुरूच तशी' मिळाली. पाहुण्यांबद्दल बोलायचं नाही अशी ताकीद असताना, मावशीनं त्याचं दुसरं नाव काय ठेवावं?

पोपट.

मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवणार होते. आणि मग तोच फोन मी पुन्हा मनात ऐकला, पण आता त्यात बाई नव्हती. खऱ्या गोळ्यांचा सराव होता. पाहुण्यांचे डॉक्टर होते. पुसलेले कोपरे होते. मी घेऊन गेले. तो नाही येणार. मी चुकले.

पळून जाणाऱ्यांची वाक्यं नव्हतीच ती.

मी मिशा काढल्या आणि घराकडे चालायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, रस्ता लांब असता तर बरं झालं असतं.

६

आईला मी नीट, क्रमानं सांगणार होते. "आई, ती बाई नव्हती," एवढंच म्हटलं.

आईनं सुई शर्टात टोचून ठेवली. तिला पुढचं सांगावं लागलं नाही.

मावशीला आम्ही दोघींनी विचारलं तेव्हा ती आधी नाही म्हणाली, मग रडली, मग म्हणाली, "पाहुणे चाललेत परत. कपडे न्यायला कुणीतरी येईलच दुपारी. तोच येईल का ते नाही सांगत."

तोच आला. टपरीत वाकून शिरला. माझ्या मनात कोण राक्षस होता, आणि हा चेहऱ्यावर मुरमं असलेला, दादाएवढाच. आईकडे बघून तो जागीच थांबला. दादाचे डोळे आईसारखे आहेत, सगळे म्हणतात.

"फोन तू केलास?" आईनं विचारलं.

"हो. मी केला. नंबर त्याने दिला. म्हणाला, घरी ये, जेव." तो खूप हळू बोलत होता, प्रत्येक शब्द आधी हातात घेऊन पाहिल्यासारखा. "सराव होता. गोळी चालू. तो पुढे. मी ओरडले, थांब. पण मी माझ्या भाषेत ओरडले. तुमचा शब्द विसरले. घाबरले, विसरले. त्याला वाटलं मी म्हणते, जा. तो गेला पुढे."

मला हसू यायला हवं होतं, एवढा ताडमाड माणूस 'घाबरले' म्हणतोय. कुणालाच हसू आलं नाही.

"मग मी घेऊन गेले. खांद्यावर. पळाले. खूप पळाले. डॉक्टरकडे पोचले तेव्हा तो..."

तो शब्द त्याला येत नव्हता. त्यानं सवयीनं मावशीकडे पाहिलं, शब्द मागायला. मावशीनं त्याला पाणी शिकवलं होतं, चहा, कोळसा, सुरकुती, ऊन शिकवलं होतं. तिनं तोंड फिरवलं आणि थंड इस्त्री एका घडी केलेल्या शर्टावरून पुन्हा फिरवायला लागली.

"त्याला दुखलं का?" आईनं विचारलं.

"नाही," तो म्हणाला. फार पटकन म्हणाला. मी आईकडे पाहिलं. तिनं ते 'नाही' जसं होतं तसं घेतलं.

"कुठं ठेवलंय त्याला?"

"आम्हाला दूर पाठवले. सांगत नाही. मी विचारले, खूप विचारले. म्हणाले, इथे काही झाले नाही. तू इथे नाहीस."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. त्यानं कपड्यांचं गाठोडं उचललं. त्याचे ओठ हलत होते, पण आमच्या भाषेतलं काही बाहेर येईना. शेवटी दारात वळून म्हणाला, "मी जाते."

"'जाते' म्हणू नये रे, 'येते' म्हणावं," मावशीच्या तोंडून निघून गेलं.

त्यानं मान हलवली, पण तसं म्हणाला नाही.

७

साहेबांच्या ऑफिसात आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, चहा दिला. मी उभीच राहिले. मी सगळं सांगितलं. निळा शर्ट, पुसलेले कोपरे, रिकामा कॅमेरा, कुजबूज, 'गेले' आणि 'गेलो'. मध्ये एकदाही अडखळले नाही. नाटकात इतकं चांगलं मी कधीच बोलले नव्हते.

साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं. "हुशार आहेस," ते म्हणाले, आणि मला वाटतं त्यांना खरंच तसं वाटलं. "एकच अडचण आहे. हा जो ओरडला, ज्यानं खांद्यावर नेलं, फोन केला. तो कोण?"

"पाहुणा."

"कुणाचा?"

"तुमचा. परदेशी सैनिक."

"आपल्या देशात परदेशी सैनिक नाहीत." आवाज तसाच मऊ. "जो नाही, त्याला ओरडता येत नाही. खांद्यावर कुणाला नेता येत नाही. फोन तर अजिबात करता येत नाही."

"मावशीला विचारा. इस्त्रीवालीला."

"कोण इस्त्रीवाली?"

मी खिडकीकडे हात करणार होते, पण येताना मी पाहिलं होतं. फाटकासमोर टपरी नव्हती. जमिनीवर कोळशाचा काळा डाग होता आणि एक मजूर त्यावर माती पसरत होता. रस्ता रुंद होणार म्हणे.

"सिस्टर..." मी म्हटलं. तिचं नाव घेतलं तर तिचंही काय होईल ते मला त्या डागावरून कळलं होतं. ताईचंही. माझा एवढा फुटलेला आवाज, पण पुढे बोलायला त्याच्याकडे काही उरलं नव्हतं. मी बसले.

साहेब आईकडे वळले. "काकू, मी तुमच्या भल्याचं सांगतो. पळालेला मुलगा कधीतरी परत येऊ शकतो. तुमच्याकडे तेवढं आहे. ते कशाला घालवता? पोलीस अधूनमधून येतील घरी, त्याला शोधायला. तो नियमच आहे. कपाटं उघडून दाखवायची, झालं."

आईनं चहाला हात लावला नव्हता. "मी भांडायला आले नाही," ती म्हणाली. "पळाला म्हणा, चोर म्हणा, तुम्हाला लिहायचं ते लिहा. मला फक्त बाजू सांगा."

"बाजू?"

"कुठल्या बाजूला आहे तो? मी कुठं तोंड करून बसू?"

साहेबांना हा प्रश्न कुणी कधी विचारला नसावा. काय उत्तर द्यायचं हे त्यांना शिकवलेलं नव्हतं. त्यांचे डोळे खिडकीकडे गेले. पापणी लवते न लवते तेवढंच. बाहेर सरावाचं मैदान, मग ओळीनं लावलेली लाकडी माणसं, आणि त्यांच्याही पलीकडे एक बुटकी टेकडी, जिच्या पायथ्याची माती बाकीच्या मातीपेक्षा गडद होती.

"अशी काही जागा नाही, काकू," ते म्हणाले.

आई उठली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. पदर नीट केला. साहेब तिच्यामागे आले, आणि कड्या वाजू नयेत इतक्या सावकाश त्यांनी पडदा ओढून घेतला.

आई हलली नाही. तिनं पडद्याकडे पाहत हात जोडले. मी उठून तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले.